यंत्राला जमिनीखालचे काय कळते?

चिचगडकडच्या रस्त्यांवर खाली मान घालून सावकाश चालणारे जवान आणि त्यांच्या हातातली लांब दांडीची थाळी आपल्या मुलांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. परवा आमच्या धाकट्याने विचारले, "खाली खिळा आहे की बॉम्ब, हे त्या मशीनला कसे समजते?" उत्तर देता देता आमची दमछाक झाली. वाचक बंधुभगिनींच्या घरीही हा प्रश्न निघत असेलच.

त्या थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सारखी उलटसुलट होणारी वीज सोडली की जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरते. वाटेत धातू आला तर त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरे आपले क्षीण क्षेत्र वर परत पाठवतात. यंत्र ते टिपते आणि वाजते. हे उत्तर किती मागे पडून आले, यावरून धातूचा अंदाज बांधतात. तांबे, चांदी यांतून वीज सहज वाहते, म्हणून त्यांचे उत्तर जास्त रेंगाळते. लोखंडाला चुंबक ओढतो, त्यामुळे त्याची खूण निराळी.

पण हा अंदाजच. लोखंडी वॉशर किंवा कुऱ्हाडीचे रुंद पाते पुष्कळदा तांब्या-चांदीची बतावणी करते, आणि सोन्याची लहान अंगठी व ॲल्युमिनियमचा कपटा यंत्राला सारखेच वाटू शकतात. तेव्हा "आमचे मशीन सोनेच दाखवते" म्हणत गुप्तधन काढून देणारा दारी आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नये. शिवाय 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

खोलीचा हिशेब तर फार कडक. थाळीपासून बरीच दूर असलेली लहान वस्तू दुप्पट अंतरावर गेली, की तिचे उत्तर सुमारे चौसष्टाव्या भागावर येते. त्यात लाल मुरमातले लोह स्वतःच कुरकुरते. म्हणून आधी मोकळ्या जागेवर थाळी खालीवर करून यंत्राला त्या मातीची सवय लावावी लागते.

शोध घेणारा हुशार असूनही फसतो. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असेच यंत्र घेऊन गेले. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला, डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी सापडली नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. नाणी शोधणारा हौशी माणूस यंत्राला "लोखंड सोडून दे" असे सांगून ठेवतो. भूसुरुंग शोधणाऱ्या जवानाला ती सवलत नाही. प्लास्टिकच्या डब्यातल्या स्फोटकात धातू म्हणून डेटोनेटरची बारीक नळी आणि वायरचा तुकडा एवढेच असू शकते. म्हणून खिळा असो, झाकण असो, प्रत्येक आवाजाशी थांबायचे आणि सुरुंगच आहे असे धरून बघायचे. स्फोटकाचा वास मात्र यंत्राला येत नाही. त्यासाठी कुत्रा लागतो. एक सुरुंग नजरेतून सुटला तर काय होते, ते 1 मे 2019 ला शेजारच्या गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ दिसले. 15 जवान आणि गाडीचा चालक गेले.

तेंदूपत्ता, मोहफुले वेचायला जाणाऱ्या मायबहिणींनी मुलांना एवढे जरूर सांगावे: मातीतून वायर किंवा डबा डोकावताना दिसला, तर हात लावू नका, काठीने उकरू नका, ज्या पावलांनी गेलात त्याच पावलांनी मागे या आणि पोलिसांना 112 वर कळवा.