सवाब सगळ्यांचा, जागरण एकटीचे?

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचे दोन तास घरातल्या बाईची सर्वांत जास्त धावपळ होते. रोज्याने थकलेल्या अंगाने भजी तळायची, फळे चिरायची, सरबत करायचे. ज्या घरात सासू किंवा सासरे स्मृतिभ्रंशाने म्हणजे डिमेन्शियाने आजारी आहेत, तिथे हीच वेळ सर्वांत अवघड. या आजारात दिवस मावळताना अनेकांची बेचैनी वाढते. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ म्हणत ते दाराची कडी काढतात. सख्ख्या मुलाला ओळखत नाहीत. पैसे चोरल्याचा आळ घेतात, तोही बहुधा जी व्यक्ती दिवसभर जवळ असते तिच्यावरच.

काही वृद्ध बाकी सारे विसरतात, पण लहानपणापासून अंगवळणी पडलेला रोजा विसरत नाहीत. मग औषध नको, पाणी नको. ज्याची समज हरपली त्याच्यावर रोजा फर्ज नाही. हे त्यांना दिवसातून दहा वेळा समजावणाऱ्या सुनेला मात्र कसलीच सवलत नाही. रात्री रुग्ण उठून फिरतो, तोवर सहरीची वेळ होते.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार असावा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा रुग्णांच्या देखभालीचे ७० टक्के तास बायकाच देतात.

शेजारीपाजारी तिला सांगतात, ‘खिदमत कर, सवाब मिळेल.’ पलीकडच्या आळीत म्हणतात, ‘पुण्य लागेल.’ दोन्हीकडे अर्थ एकच, थकल्याचे बोलू नकोस. मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, एखाद्या दिवशी आवाज चढतो आणि नंतर ती एकटीच रडते. हा तिच्या स्वभावाचा दोष नाही. विश्रांतीशिवाय महिनोन्महिने राबणाऱ्या कोणाचीही हीच गत होते.

आईबापांची सेवा हे कर्तव्यच आहे, यात वाद नाही. पण ते आधी पोटच्या मुलांचे कर्तव्य आहे. मुलगा इफ्तारला मशिदीत, नंतर तरावीहला, मग चौकात चहाला, आणि त्याच्या आईची खिदमत सुनेकडे, हा हिशोब दीनच्या कोणत्या पानावर लिहिला आहे? तरावीह घरीही पढता येते. आईजवळ एक आड एक रात्र मुलाने जागावे. लेकींनीही ईदला भेटायला येण्याऐवजी आधीच चार दिवस राहायला यावे.

मोहल्ल्यात इफ्तारची ताटे एकमेकांच्या घरी जातात, हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात आणि दिवाळीत तिकडून फराळ येतो. ताटाबरोबर कुणी तासभर वेळही द्यावा. आजोबांशी वाद न घालता बसावे, जुन्या गोष्टी काढाव्यात, तेवढ्यात ती बाई शांतपणे रोजा सोडेल. मन फारच खचले तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो. पण तिथे फोन करायलासुद्धा तिला दहा मिनिटे मोकळी हवीत. ती घरच्यांनीच द्यायची आहेत.