लपवण्यासारखं काय आहे?

आमच्या वाशिंदला पोरगा इंजिनियर झाला की दोन गोष्टी आपोआप होतात. एक म्हणजे लग्नाचं विचारायला लोक यायला लागतात. दुसरी म्हणजे रविवारी सकाळी लोक बिघडलेले मोबाइल घेऊन यायला लागतात. मी ऐरोलीला बसून सर्व्हरवरचा जावा कोड सांभाळतो, मोबाइल दुरुस्तीशी माझा काडीचा संबंध नाही, हे सांगून उपयोग नसतो. "कॉम्प्युटर शिकलायस ना? मग बघ की!" :)

तर काही महिन्यांपूर्वी एका रविवारी एक वहिनी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "भाऊजी, फोन गरम होतो, बॅटरी उतरते. हॅक झालाय का बघा ना." मी म्हटलं, चार वर्षं जुना फोन आहे, बॅटरी म्हातारी झाली, दुसरं काय. आईने चहा आणला. चहा होईपर्यंत खरी गोष्ट बाहेर आली. कल्याणला एक नोकरी आहे, करावीशी वाटते, असं त्यांनी बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. फक्त बहिणीला. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "कल्याणला रोज जाणं जमणार आहे का तुला?"

"तेव्हापासून मी बहिणीला फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवते," वहिनी म्हणाल्या.

मी तासभर फोन चाळला. चोर ॲप एकही नव्हतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं तर एका कॉम्प्युटरवर त्यांचं अकाउंट चालू होतं. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग नवऱ्याच्या नावाने सुरू होतं. आणि त्यांचं गूगल अकाउंट नवऱ्याच्या जुन्या फोनवरही लॉगिन होतं. म्हणजे हॅकर नाही, व्हायरस नाही, काही नाही. फोन हातात घेऊन पाच मिनिटं बसलेला एक माणूस, बस्स.

आता लाजिरवाणा भाग. तो माणूस माझ्या ओळखीचा आहे. आमची आसनगाव लोकलची गँग आहे, त्यातलाच. आणि दुसऱ्या फोनवरचं व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर कसं दिसतं, हे त्याला वर्षभरापूर्वी गाडीत मीच दाखवलं होतं. त्याने हसत विचारलं, मी हसत सांगितलं. टिटवाळा ते खडवली, एवढाच वेळ लागला.

म्हणून हा लेख. आधी स्वतःला चार शिव्या, मग बाकीच्यांना.

नाव न घेता हा विषय मी गाडीत काढून बघितला. लगेच तेच वाक्य आलं, जे आपल्याकडे सगळेच फेकतात. "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" आणि त्याचा जुळा भाऊ, "आपण काय एवढे मोठे लागून गेलो, आपल्यावर कोण पेगॅसस लावतंय?"

मंडळी, या वाक्यात मुळातच घोटाळा आहे. आपण समजतो की पाळत ठेवणारा फक्त वाचतो. मी काही वाईट लिहिलंच नाही, तर वाचेना का बापडा! पण ज्याच्या हातात तुमचं यंत्र आलं तो वाचून थांबेलच असं नाही. तो तुमच्या यंत्रात लिहूही शकतो. तुमच्या नावाने.

उदाहरण लांबचं नाही, आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी जून २०१८ मध्ये रोना विल्सन यांना अटक केली. त्यांच्या लॅपटॉपमधल्या फाइली हा खटल्यातला महत्त्वाचा पुरावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या फॉरेन्सिक कंपनीचा अहवाल आला. बचाव पक्षाच्या वतीने त्यांनी लॅपटॉपची प्रत तपासली होती. त्यांचं म्हणणं असं की जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून 'नेटवायर' नावाचं मालवेअर त्यात शिरलं, जवळजवळ २२ महिने कोणीतरी बाहेरून त्या लॅपटॉपचा ताबा ठेवून होतं, आणि त्या वादग्रस्त फाइली बाहेरूनच त्यात ठेवल्या गेल्या. एनआयएला हे मान्य नाही. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, मी ठरवणारा कोण. पण असं करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, एवढंच विचारलंत तर कुठलाही इंजिनियर सांगेल, हो, आहे. रिमोट ॲक्सेस म्हणजे तेच. 'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य तिथे काय कामाचं? तुम्ही लपवलं नाही, पण कोणी आणून ठेवलं तर?

पेगॅससचंही बघा. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हे सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये ते व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधून फोनमध्ये घुसवलं जात होतं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे १४०० जणांवर हा प्रयोग झाला, असं व्हॉट्सॲपनेच कोर्टात सांगितलं. ज्यांना तसे इशारे मिळाले त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, प्राध्यापक आनंद तेलतुंबडे होते. पुढे सुप्रीम कोर्टाने २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत काहीतरी मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. कोण बघत होतं, कोणाच्या परवानगीने, याचं सरळ उत्तर नाही ते नाहीच.

आता म्हणाल, ही सगळी मोठी माणसं. बरं, छोट्यांकडे येऊ. ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून फाइल येते. कधी आरटीओचं चलान, कधी लग्नपत्रिका. नावाच्या शेवटी एपीके. म्हणजे ती पत्रिका नसून ॲप आहे. इन्स्टॉल केलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण 'अलाऊ' दाबतो, कारण सगळीकडे तेच दाबायची सवय. मग बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे. आणि बऱ्याचदा तीच फाइल आता तुमच्या नंबरवरून तुमच्या भावकीच्या ग्रुपवर जाते. बघा, परत तुमच्या नावाने!

किंवा लाइटबिलाचं घ्या. "आज रात्री ९.३० वाजता वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा." २०२२ च्या सुमारास या मेसेजनी महाराष्ट्रभर धुमाकूळ घातला, महावितरणने लोकांना परत परत सावध केलं. फोन केला की पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क नाहीतर क्विकसपोर्ट टाकायला लावतो. ही ॲप प्रामाणिक आहेत, आम्ही ऑफिसात वापरतो. पण ती चालू असताना तुमची स्क्रीन त्याला दिसते. दार तोडलं नाही, तुम्हीच कडी काढून दिलीत.

या सगळ्यात सारखं काय आहे? पेगॅसससारखी महागडी हत्यारं सोडली तर फोनमधला हेर भिंत फोडून येत नाही. तो परवानगी मागून येतो, किंवा परवानगी न मागता फोन हातात घेऊन येतो. दुरुस्तीला टाकताना फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवून त्यावर पिन लिहून देणारे आपण लोक. घराची किल्ली अशी दुकानाच्या फळीवर ठेवून येतो का आपण?

आता गाडीतला दुसरा मुद्दा. "बायकोची काळजी वाटते रे. जमाना वाईट आहे." काळजी वाटते तर विचारा ना! लोकेशन हवंय तर तिला सांगून चालू करा, तुमचंही तिला दिसू द्या. चोरून जी केली जाते ती काळजी नसते, पहारा असतो. पहाऱ्याने सुरक्षित कोणी होत नाही. फार तर ती बहिणीला फुलं पाठवायला लागते.

कायद्याचंही सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. त्यात रस्त्यावरचाच पाठलाग येतो असं नाही. एखादा पुरुष एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवत असेल तर तेही त्यातच. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलमाला अपवाद आहेत, पण 'नवरा आहे' असा अपवाद त्यात लिहिलेला नाही. यावर एकाने हुशारी केली, "सुप्रीम कोर्टाने तर बायकोचे फोन रेकॉर्ड करायला परवानगी दिलीय." नाही दिली, बाबा. १४ जुलै २०२५ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून विचारात घेता येईल. पुरावा चालणं वेगळं आणि करायला मुभा असणं वेगळं. त्याच निकालाचा सूर असा आहे की जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवायला लागले म्हणजे ते नातं आधीच मोडलेलं आहे. आणि याच कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. घरात आल्यावर तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा, असं काही त्यांनी म्हटलेलं नाही.

असो. शिव्या झाल्या, आता कामाचं.

फोन गरम झाला म्हणजे हेर आहे, असं नसतं. *#२१# दाबून 'फोन हॅक झालाय का बघा' हे जे फॉरवर्ड फिरतं, त्याने फक्त कॉल दुसरीकडे वळवलेत का एवढंच कळतं. हेर सापडतो तो सेटिंग्जमध्ये, शांतपणे बसून बघितलं तर. व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हायसेस आधी बघा. गूगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हायसेस' बघा आणि मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग. मग अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲपची पूर्ण यादी, कारण चोर ॲप आपला आयकॉन लपवतं आणि 'सिस्टिम सर्व्हिस'सारखं साळसूद नाव घेतं. त्यानंतर तीन जागा, ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन. तुम्ही न टाकलेलं काही तिथे चालू दिसलं तर दाल में काला. प्ले प्रोटेक्ट बंद असेल आणि ते तुम्ही बंद केलेलं नसेल, तर कोणीतरी केलंय. आयफोनवाल्यांनी 'सेफ्टी चेक' बघावं. मग पिन बदला, गूगलचा पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा, फोनचे अपडेट येतील तसे घ्या. पैसे गेले असतील तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

पण थांबा, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. पाळत घरातलीच असेल तर सापडल्याबरोबर काढून टाकू नका. तिकडे दिसायचं बंद झालं की त्याला कळतं, आणि मग घरात काय होईल ते तुम्हाला माहीत, इंजिनियरला नाही. आधी दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला. स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. महिलांसाठी १८१ आहे, जिवावर बेतलं तर ११२. काय आणि कधी काढायचं ते ज्याचा फोन त्याने ठरवायचं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या रविवारी धडाधड लॉगआउट करायलाच निघालो होतो. वहिनींनी हात धरला. "आत्ता नको. आधी मला बहिणीशी बोलू द्या." माझ्या आईच्या फोनवरून त्या अर्धा तास बोलल्या, मी आणि आई बाहेर ओट्यावर बसलो. पुढे तीन आठवड्यांनी, बहीण घरी राहायला आलेली असताना, त्यांनी स्वतःच एकेक करून सगळं बंद केलं. घरात दोन दिवस आदळआपट झाली म्हणे. नोकरीचं अजून ठरतंय.

आणि आम्ही इंजिनियर? गाडीत कोणी हसत विचारलं, "अरे, एखाद्याचं व्हॉट्सॲप बघता येतं का?" तर आम्हाला आपली अक्कल दाखवायची हौस. माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या वेळी उलट विचारायचं, "कोणाचं? आणि त्याला विचारलंयस का?" एवढा एक प्रश्न मी वर्षभरापूर्वी विचारला असता तर...

हा लेख टाकण्याआधी वहिनींना पूर्ण वाचून दाखवला. दोन ठिकाणी म्हणाल्या, हे नको, ओळखू येईल. ते काढलं. मग म्हणाल्या, "टाका."

म्हणून टाकलाय.