सूचीकार हवाच

कुडाळ आणि आसपासच्या तालुक्यांतून गावांचे इतिहास, देवस्थानांची माहिती, दशावताराचा अभ्यास, घराण्यांच्या वंशावळी अशी पुस्तके सतत निघत असतात. लेखकाने त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिलेली असतात. पण बहुतेक पुस्तकांच्या शेवटी सूची नसते, आणि हवे ते पान शोधताना वाचक दमून पुस्तक मिटतो. अशा पुस्तकाची सूची जाणत्या सूचीकाराकडून, रीतसर मानधन देऊन करून घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. त्यावर मिळणारी उत्तरे मी नीट ऐकली आहेत. त्यांतले एकही मला पटलेले नाही.

सगळ्यांत हमखास उत्तर संगणकाचे. पीडीएफमध्ये शब्द टाकला की पान समोर येते, मग सूची कशाला? मराठीच्या बाबतीत हे जेमतेम अर्धे खरे आहे. आपली असंख्य पुस्तके युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर ‘कुडाळ’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतीच चिन्हे असतात आणि शोध रिकामा परत येतो. युनिकोड असले तरी ‘वेंगुर्ले’ शोधणाऱ्याला ‘वेंगुर्ल्यात’ आणि ‘वेंगुर्ल्याहून’ सापडत नाही. छापील पुस्तक हातात घेऊन बसलेल्याचा तर पीडीएफशी संबंधच नसतो.

ही अडचण उद्या दूर झाली, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. माणगाव घ्या. एक कुडाळ तालुक्यातले, जिथे 1854 साली वासुदेवानंद सरस्वती जन्मले. दुसरे रायगड जिल्ह्यातले, तालुक्याचे ठिकाण. तिसरे कोल्हापूर जिल्ह्यातले, जिथे मार्च 1920 मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितीत परिषद भरली. संगणक तिन्ही गावे एकत्र ओतून देतो. सूचीकार तीन वेगळ्या नोंदी करतो. उलट एकच सत्पुरुष एका पानावर वासुदेवानंद सरस्वती असतो, दुसऱ्यावर टेंबे स्वामी, तिसऱ्यावर थोरले महाराज. तिथे सूचीकार सगळी पाने एका नावाखाली आणतो आणि बाकीच्या नावांपुढे ‘पाहा’ लिहितो. सावंतवाडीच्या गादीवर खेम सावंत एकाहून अधिक झाले. कुठल्या पानावर कुठला, हे मजकूर वाचल्याशिवाय ठरत नाही. गावऱ्हाटीवरच्या पुस्तकात देवाला लावलेला कौल येतो, घरावरचे कौल येते आणि जुन्या दप्तरातला कौलही येतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पानावर नसलेला शब्द. एखाद्या प्रकरणात मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर, गणपतीला येणारा चाकरमानी आणि मागे राहून शेती ओढणारी बाई यांचे तपशीलवार वर्णन असते. ‘स्थलांतर’ हा शब्द मात्र कुठेच नसतो. स्थलांतराच्या अभ्यासकाला नेमके तेच प्रकरण हवे असते. कुणीतरी ती पाने वाचून विषय ओळखला, तरच ती त्याच्या हाती लागतात. नवी यंत्रे अशा नोंदी सुचवू लागली आहेत, हे खरे. सूचीकाराने ती जरूर वापरावीत. पण सुचवलेल्या प्रत्येक नोंदीचे पान उघडून खात्री करणारा माणूस लागतोच. चुकीच्या पानाकडे नेणारी सूची, सूची नसण्याहून वाईट.

मग लेखकच करील की, असे म्हणतात. लेखकाला पुस्तक सगळ्यांत जास्त माहीत असते, हे मान्य. आपल्याला काय सांगायचे होते ते तो जाणतो. वाचक काय शोधत येईल हे त्याला दिसतेच असे नाही. शेवटची प्रुफे हातात येईपर्यंत तो थकलेला असतो, म्हणून नावे तेवढी काढतो. मग ‘रवळनाथ’पुढे तीस पृष्ठांकांची रांग लागते. ती रांग पाहून वाचकाने तीसही पाने उलटायची का? सूचीकार ती फोडतो: रवळनाथ आणि सातेरी, रवळनाथाचा कौल, जत्रा, देवळाची बांधणी, मानकरी. कोणते पोटशीर्षक लागेल, कोणता ओझरता उल्लेख गाळायचा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णक्रमात कुठे बसवायचे आणि तो नियम शेवटपर्यंत कसा पाळायचा, ही शिकून येणारी विद्या आहे. स्वतः उत्तम सूची करणारे विद्वान लेखक आहेत, पण त्यांनीही ती विद्या वेगळी कमावलेली असते.

मराठीत ही पद्धतच नाही, हे उत्तर मला सगळ्यांत जास्त लागते. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 विभाग आहेत. त्यांतला बाविसावा विभाग सूचीखंड आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे ती 1950 पर्यंत आणली. ते काम निराळ्या जातीचे, पण निष्ठा तीच. कुडाळवर लिहिणारा आजही 1880 सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड उघडतो, कारण कुडाळ तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते आणि तो खंड रत्नागिरी व सावंतवाडीचा आहे. त्या मालिकेतल्या सगळ्या खंडांची मिळून सर्वसाधारण सूची एन्थोवेन यांनी 1904 मध्ये स्वतंत्र खंड म्हणून काढली. एवढा अवाढव्य मजकूर आजही वापरता येतो, त्यात त्या सूचीचा वाटा मोठा आहे.

राहिला खर्च. छोट्या आवृत्तीचे गणित अवघड असते, हे मला ठाऊक आहे. पण मुखपृष्ठाच्या चित्रकाराला आपण मानधन देतो, अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे पैसे देतो. तीनशे पानांच्या पुस्तकाला सूचीची साधारण दहा-बारा पाने आणि दोन-तीन आठवड्यांचे काम लागते. हा खर्च सुरुवातीलाच धरला तर झेपतो. शेवटच्या क्षणी आठवला तर झेपत नाही, कारण पृष्ठांक पक्के झाल्याशिवाय सूची करता येत नाही आणि तेव्हा प्रकाशनाची तारीख डोक्यावर असते.

लंडनमध्ये 1957 साली सूचीकारांनी आपली संस्था स्थापन केली. आपल्याकडे हा व्यवसाय उभा राहायचा असेल, तर तो पुण्या-मुंबईतच राहावा असे काही नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेली मुले-मुली गावोगावच्या वाचनालयांत तुटपुंज्या पगारावर काम करतात. वर्गीकरण आणि विषयशीर्षके त्यांनी अभ्यासलेली आहेत. रवळनाथ, सातेरी, चाकरमानी त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. शेवटची पाने कुडाळला पाठवता येतात आणि सूची इथून परत जाऊ शकते. पानामागे ठरलेला दर मिळाला, तर या जिल्ह्यातले हात हे काम उत्तम करतील.

म्हणून पुस्तक लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पुढचा करार कराल तेव्हा त्यात सूचीकाराचे मानधन लिहा, पृष्ठांक पक्के झाल्यावर त्याला तीन आठवडे द्या, आणि त्याचे नाव मुद्रितशोधकाच्या नावाशेजारी छापा.