भंगारात काढा म्हणणाऱ्यांनो

'भंगारात काढा' हे शब्द आमच्या वेळापुरात हल्ली 'चहा घ्या' म्हणावं इतक्या सहज तोंडातनं निघतात. विहिरीवरची मोटर जळली, भंगारात काढा. मिक्सर अडकला, भंगारात काढा. मी तीस वर्षं मोटरी भरायचं दुकान चालवतोय. हे शब्द दिवसातनं चारदा कानावर पडतात आणि चारदा माझं डोकं फिरतं. पण दोन वर्षांपूर्वी एका कपडे धुवायच्या मशीनवरनं ज्यांनी मला येडा ठरवलं, त्यांचा माझा हिशेब अजून राहिलाय.

गावातल्या जुन्या डॉक्टरांचा वाडा विकला गेला. डॉक्टर गेले, पोरं पुण्याला. वायरिंग सोडवायला मला बोलावलं होतं. मागच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड एक पांढरा ठोकळा दिसला. पुढच्या गोल दाराची कडी मोडलेली, आणि आत स्टीलच्या ड्रममध्ये एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी ते मशीन लगेच ओळखलं.

१९९३ साली ते गावात आलं तेव्हा मी आयटीआयला होतो. बघायला अर्धी आळी लोटली होती. पुढनं कपडे टाकायचे, बटण फिरवायचं, बस्स. पाणी ते स्वतः घेणार, तापवणार, घुसळणार, पिळणार. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीनं असं आपोआप चालणारं घरगुती मशीन १९३७ सालीच काढलं होतं; ते इतकं हादरायचं की बोल्टनं जमिनीला आवळावं लागायचं. आपल्याकडं यायला पन्नासेक वर्षं गेली. गोव्यातनं आयएफबी, औरंगाबादकडनं व्हिडिओकॉन, अशी नावं १९९०च्या आसपास लोकांच्या तोंडी झाली. डॉक्टरांचं मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही.

त्या बघ्यांत माझी आई नव्हती. डॉक्टरांच्या घरचं धुणं आईकडं होतं. महिन्याला शंभर रुपये, दवाखान्याच्या चादरी त्यातच. आषाढात माऊलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते. डॉक्टरांकडं दिंडी उतरायची, आणि पालखी पुढं गेली की सतरंज्या-चादरींचा ढीग आईपुढं यायचा. नीरेच्या कालव्याला पाणी असलं तर कालव्यावर, नसलं तर विहिरीवर. सोड्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. रात्री चिमणीपुढं बसून ती त्यात मेण आणि तेल भरायची.

मशीन आलं त्याच महिन्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, आता नको येऊस. सात महिने ती लोकांच्या उसात खुरपायला जात होती. मग निरोप आला, मशीन बंद पडलंय, उद्यापासनं ये. पगार तोच.

मी तेव्हा डॉक्टरांना म्हणलं होतं, मी उघडून बघू का? ते म्हणाले, "तुझं काम नाही ते. कंपनीचा माणूस येईल." कंपनीचा माणूस तीन महिन्यांनी आला. पंप जळलाय, मागवावा लागंल म्हणाला आणि गेला. पंप आला नाही. मशीन गोठ्यात गेलं. आई पुढं अकरा वर्षं त्या घरचं धुणं धूत राहिली.

तर ते मशीन मी टेम्पोत घालून दुकानात आणलं, कोंबडी तेवढी तिथंच ठेवली. पुण्याचा भाचा आला होता. म्हणाला, "मामा, हप्त्यावर नवं मिळतंय, ह्या डबड्यात कशाला जीव घालताय?" अकलूजच्या ओळखीच्या एका सर्व्हिसवाल्या पोराला दाखवलं. त्यानं हातसुद्धा लावला नाही. मोबाईलवर फोटो काढला, काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "ह्याचा कोड सिस्टीममध्ये नाही." म्हणजे मशीन समोर उभं आहे, पण सिस्टीममध्ये नाही म्हणून ते नाही.

मी पंपापासनं सुरुवात केली. मीटर लावला. पंपाची कॉइल शाबूत. पंप जळलेलाच नव्हता. खालचं झाकण फिरवून काढलं, पंख्याला बोट लावलं तर तो हलेना. चिमट्यानं ओढलं, आणि काळं पडलेलं एक नाणं बाहेर आलं. पंचवीस पैशाचं. पंख्यात ते आडवं बसलं होतं, पाणी निघत नव्हतं, पाणी निघत नाही म्हणून कपडे पिळले जात नव्हते. एवढाच बिघाड. ते नाणं २०११च्या जूनअखेर चलनातनंसुद्धा गेलं, तरी पंपात होतंच. आणि एक शिकलेला माणूस बॅग घेऊन येऊन, झाकण न फिरवता, 'पंप जळलाय' सांगून गेला होता.

बाकीचं काम मात्र तीस वर्षांच्या पडून राहण्यानं वाढवलं होतं. ड्रमची बेअरिंगं गंजून जाम झालेली. काढून नंबर वाचले, ६२०५ आणि ६२०६. हे नंबर वाचून मी एकटाच हसलो. हीच बेअरिंगं आम्ही पाण्याच्या मोटरींत रोज घालतो. अकलूजला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सांगा, कागदात गुंडाळून हातात देतात. ऑइल सील ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याकडं मापानं मिळालं. ड्रमला मागनं धरणारा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा तुकडा साबणाच्या पाण्यानं खाल्ला होता. तो वेल्डिंग करून लेथवर मारून घेतला. मोटरीचा कपॅसिटर बदलला. दाराच्या रबराला उंदरानं दोन ठिकाणी कुरतडलं होतं, तिथं पंक्चरवाल्याकडनं ट्यूबचे तुकडे चिकटवले. तिथनं अजून दोन थेंब गळतात, खोटं कशाला बोलू.

मला सगळ्यात आवडला तो टायमर. आतमध्ये बोटाएवढी मोटर, ती दातेरी चकत्या मुंगीच्या चालीनं फिरवते, आणि चकतीवरच्या खाचा एकेक कॉन्टॅक्ट उघडतात, मिटवतात. पाणी घे, थांब, फिर, उलटं फिर, पाणी सोड. सगळा कार्यक्रम डोळ्यांनी दिसतो. कॉन्टॅक्टवर काजळी होती, बारीक पॉलिश पेपरनं पुसली. नव्या मशीनच्या बोर्डवर असं काही दिसत नाही. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं, बोर्ड उडतो, आणि उडाला की अख्खा बदलायचा. भाच्याचा असाच उडाला. दुरुस्तीला घेऊन ये म्हणलं, तर सोसायटीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळा झालेला.

आता मला सांगतात, नव्या मशीनला पाणी आणि वीज कमी लागते. बरोबर आहे. माझं हे मशीन एका घाण्याला सात बादल्या पितं, मी मोजलंय. माळशिरस तालुक्यात पाण्याची किंमत मला कुणी शिकवू नये. ते पाणी मी परसातल्या केळींना सोडतो, आणि हीटर काढून ठेवलाय. पण पाणी वाचवायला नवं घ्या म्हणणाऱ्यानं हेही सांगावं की पुष्कळ नव्या मशीनची बाहेरची टाकी दोन अर्धुकं वितळवून जोडलेली का असते. आतलं बेअरिंग तेच, काही शेकड्यांचं. पण टाकी उघडतच नाही, म्हणून ड्रमसकट सगळं घ्या, हजारो रुपये मोजा. त्यात पाणी वाचतं का?

युरोपात २०२१च्या मार्चपासनं नियम आहे, मॉडेल विकायचं बंद झालं तरी वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे पार्ट दहा वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडं २०२२ साली केंद्रानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या, सगळं त्यात आहे. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे पाटी झाली. पाटीखाली दुकान पाहिजे, दुकानात पार्ट पाहिजे, आणि न ठरवता आधी झाकण फिरवून बघणारा माणूस पाहिजे. आमच्या धंद्यातल्या पोरांनाही माझं हेच सांगणं आहे. नुसता पार्ट बदलणं हे हमालाचं काम आहे. बिघाड कुठं आहे ते शोधणं म्हणजे कारागिरी.

दुसऱ्या बाजूचीही माणसं दुकानात येतात. मशीन फिरताना बघून म्हणतात, कितीही करा, हातानं धुतलेल्या कपड्याची सर नाही, ह्या मशीनींनी बायका आळशी केल्या. हे म्हणणारे आजवर सगळे पुरुष निघालेत. त्यांतल्या एकालाही मी धुण्याच्या दगडाशी बसलेला बघितलेला नाही.

मशीन घरी आणलं, अर्थिंग नीट केलं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोडलं. पहिला घाणा आईच्या लुगड्यांचा. ती समोर पाटावर बसली, गोल काचेतनं बघत. ऐंशीच्या पुढं आहे. थोड्या वेळानं म्हणाली, "किती येळ लावतंय रं. येवढ्यात मी चार बादल्या काडल्या आसत्या."

मी ते नाणं तिच्या हातावर ठेवलं आणि कुठं सापडलं ते सांगितलं. तिनं ते अंगठ्यानं चोळलं. "बारक्याच्या चड्डीतलं आसंल," म्हणाली. "मी धुवायच्या आधी सगळं खिसं बगायची. मशीनला कुटं ठावं खिसं बगायचं."

मी म्हणलं, आई, त्या वेळी डॉक्टरांनी मला झाकण उघडू दिलं असतं, तर दहा मिनिटांत चालू झालं असतं. तुझी अकरा वर्षं वाचली असती.

"आन् मग मला माघारी कुनी बोलिवलं आसतं?"

मला उत्तर आलं नाही. मशीन पिळायला लागलं, फरशी थरथरली, तिनं काचेवर हात ठेवला. आता रोज कपडे टाकायच्या आधी सगळ्यांचे खिसे तीच बघते.