विकरांचा वेग : सूत्र कीं माप ?

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस विकरांच्या वेगाचें सूत्र बहुधा मुखोद्गत असतें. परंतु त्याचा अर्थ विचारला असतां पुष्कळ जण निरुत्तर होतात. असें शिक्षण आम्हांस अपुरें वाटतें.

विकर, ज्यास एन्झाइम असेंही म्हणतात, तें रासायनिक क्रियेस वेग देतें आणि स्वतः न खर्चतां पुन्हां मोकळें होतें. नदीवरील तरीचें उदाहरण घ्यावें. उतारू थोडे असतांना ते वाढतील तसतशी दर घटकेस पार होणारांची संख्या वाढते. परंतु सर्व होड्या भरून चालूं लागल्या म्हणजे कांठावर कितीही गर्दी झाली तरी ती संख्या वाढत नाहीं. विकराचेंही असेंच आहे. त्याचा कमाल वेग हें एक माप. आणि द्रव्याच्या ज्या प्रमाणास त्याच्या निम्मा वेग मिळतो, तें प्रमाण हें दुसरें माप. यासच मायकेलिस-स्थिरांक म्हणतात.

सन १९१३ मध्यें बर्लिन येथें लिओनोर मायकेलिस व कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनीं यीस्टमधील इन्व्हर्टेझ या विकराच्या योगें साखरेचें विघटन करून हा नियम तपासला. त्यांचें थोरपण सूत्राइतकेंच सावधगिरींत आहे. त्यांनीं द्रावणाची आम्लता स्थिर राखिली व आरंभींचाच वेग मोजिला. कारण पुढें साखर घटते आणि निपजलेले पदार्थ विकरास अडथळा करितात.

हें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें आहे काय? २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. मिथेनॉल पोटांत गेलें असतां यकृतांतील विकरें त्यापासून घातक फॉर्मिक आम्ल बनवितात. वैद्य वेळींच इथेनॉल अथवा फोमेपिझोल देऊन पहिलें विकर गुंतवून ठेवितात. होड्या अन्य उतारूंनीं भरल्या, म्हणजे मिथेनॉल कांठावरच राहतें व तें शरीराबाहेर काढण्यास अवधि मिळतो. वेगाचें गणित येथें प्राण वांचवितें.

कोणी म्हणतील, प्रयोगांस वेळ कोठें आहे? बटाट्याचा रस, निरनिराळ्या तीव्रतेचें हायड्रोजन पेरॉक्साइड व एक घड्याळ एवढें साहित्य पुरे. पहिल्या अर्ध्या मिनिटांत निघालेला वायु मोजावा, आलेख स्वतः काढावा, आणि आलेला आंकडा सूत्राशीं न जुळला तरी तो आहे तसाच लिहावा. शेजाऱ्याच्या वहींतून उतरलेल्या दहा अचूक आंकड्यांपेक्षां स्वतः मोजलेला एक ओबडधोबड आंकडा आम्ही अधिक मोलाचा मानतों.