इंग्रजीतली सीता

“इंग्रजीत कसली आलीय सीता!” बशीतला चहा फुरकत आमचे स्नेही कडाडले. म्हटलं, तोरू दत्त वाचा. १८६२ साली घर ख्रिस्ती झालं तेव्हा कलकत्त्याची ही पोर सहा वर्षांची. पण धर्म बदलला म्हणून आईच्या गोष्टी थोड्याच बदलतात? तिच्या ‘सीता’ कवितेत काळोख्या खोलीत तीन मुलं आईकडून आश्रमातल्या सीतेची गोष्ट ऐकतात, रडतात. तीन भावंडांतला भाऊ १८६५ साली गेला, बहीण १८७४ साली. तोरू १८७७ साली, एकविसाव्या वर्षी. त्या आसवांना भाषा विचारायची? गोष्ट ऐकणाऱ्याची, साहेब!

“बरं, तुमच्या नातवाला सीता कोण सांगतं?”

स्नेह्यांनी बशी खाली ठेवली.

“टीव्ही,” ते पुटपुटले.