टायर ‘बसतो’ म्हणजे काय?

आमच्या घरात सध्या टायरवरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात पुतण्या आणि त्याचे तीन-चार मित्र. दुसऱ्यात मी एकटा. दादा कुठल्याच पक्षात नाही, त्याला फक्त सोमवारी सकाळी गाडी हवी असते. वाद आहे आमच्या जुन्या बोलेरो कॅम्परचा. नातेवाइकांना ती माहीतच आहे (प्रत्येक लग्नातले निम्मे फोटो तिच्या हौद्यात बसून काढलेले असतात). ब्लॉगवरच्या मित्रांसाठी एवढंच सांगतो की तिचा नंबर अजून एमएच-०६ चा आहे, म्हणजे पनवेलला स्वतःचा ४६ मिळण्याच्या आधीची ती. वयाचा अंदाज घ्या.

पुतण्याला तिच्यावर ३१ इंची मड टायर टाकायचे आहेत. तेही लिफ्ट न करता, कारण लिफ्टचा खर्च ऐकून दादा काय बोलेल ते त्याला ठाऊक आहे. त्याचं म्हणणं असं की दुकानात एक टायर लावून बघितला आणि तो बसतो. माझी सगळी तक्रार या ‘बसतो’ शब्दाबद्दल आहे.

दुकानात गाडी सपाट फरशीवर उभी असते, चाकं सरळ असतात आणि हौदा रिकामा असतो. अशा गाडीला काहीही बसतं. आमची गाडी मात्र सुकापूरहून नेऱ्याच्या पुढे, कधी पार धोदाणीपर्यंत जाते. (याला सगळे माथेरान रोड म्हणतात, पण तो डोंगराच्या पायथ्याशीच संपतो. आणि वर माथेरानात मोटारींना बंदी! असो.) हौद्यात कधी सिमेंट, कधी खताच्या गोण्या, कधी मंडपाचं सामान. पावसात त्या रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही. टायर बसतो की नाही ते ठरतं अशा जागी, जिथे गाडी भरलेली आहे, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं आहे आणि त्याच क्षणी एक चाक खड्ड्यात गेलं आहे.

आता थोडं गणित करू. आमच्या गाडीवर २१५/७५ आर १५ टायर आहेत. २१५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के बाजूची उंची, १५ इंचांची रिम. सगळं मिळून टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो. ३१ इंच म्हणजे ७८७. फरक ८४ मिलिमीटरचा, त्यातला निम्मा चाकाच्या मधल्या बिंदूच्या वर जातो आणि निम्मा खाली. म्हणजे मडगार्डमधली ४२ मिलिमीटर जागा गेली. मी एका रविवारी मोजून बघितलं. रिकाम्या गाडीत मागच्या टायरवर माझी चार बोटं आडवी जातात. वीस गोण्या सिमेंट, म्हणजे एक टन, भरल्यावर दोनच. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, आणि पुतण्याला हवेत सव्वाचार. खड्डा अजून यायचाच आहे.

पुढच्या चाकांची गोष्ट वेगळी. तिथे उंचीपेक्षा रुंदी नडते. साडेदहा इंची रुंद टायर आतल्या बाजूने चॅसिसला आणि बाहेरच्या बाजूने बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडफ्लॅपला घासतो. शिवाय एवढ्या टायरला किमान सात इंची रुंद रिम लागते, म्हणजे रिमांचा खर्च वेगळा. मग लोक स्पेसर टाकून चाक बाहेर काढतात, म्हणजे बेअरिंगवर जास्तीचा ताण. नाहीतर स्टॉपरचा बोल्ट वाढवून स्टिअरिंग कमी वळेल असं करतात. नेऱ्याच्या बाजारात एका दमात गाडी वळवता येत होती ती तीन दमांत वळवायची, हे कुठलं ऑफ-रोडिंग?

पुतण्याचा एक मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो बऱ्याच जाणकारांनाही चटकन लक्षात येत नाही. लिफ्ट केल्याने गाडीचं शरीर वर जातं, मागचा डिफरन्शियल जागच्या जागी राहतो. दगडाला आधी टेकतो तो डिफरन्शियल, आणि त्याला वर उचलणारी वस्तू एकच, मोठा टायर. म्हणून टायर मोठा हवा ही त्याची मागणी मुळात चुकीची नाही. किती मोठा, एवढाच प्रश्न आहे.

माझं उत्तर आहे एक पायरी. २३५/७५ आर १५. व्यास साधारण ७३३ मिलिमीटर, डिफरन्शियल १५ मिलिमीटर वर. फार वाटत नाही ना? पण या आकारात गाडीचा स्वभाव बदलत नाही. व्यास ४ टक्के वाढला तर प्रत्येक गिअर ४ टक्के लांब होतो, आणि भरलेली गाडी चढावर तेवढं सहन करते. ३१ इंचाला हाच आकडा १२ टक्के होतो. जुनं इंजिन, जुना क्लच, वर एक टन माल, म्हणजे चढावर दुसऱ्याऐवजी पहिला गिअर आणि क्लचचा वास. उतारावर ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, आणि ब्रेक तर तेच जुने आहेत. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८९ च्या पुढे असेल. हमरस्त्यावरच्या कॅमेऱ्याला आपला काटा काय दाखवत होता याच्याशी देणंघेणं नसतं.

पुतण्या मला आइसलँडच्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवतो. २००७ मध्ये टॉप गिअरवाल्यांनी चुंबकीय उत्तर ध्रुवापर्यंत नेलेली हायलक्स ३८ इंची टायरवर होती, हे खरं आहे. पण ती मडगार्ड कापून, उचलून, त्या कामासाठीच बांधलेली गाडी होती. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथल्या गाड्याही तशाच, एका कामासाठी बांधलेल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी खत पोचवायचं नसतं. आणि वाडीवरून रात्री दोनला फोन येतो तो आमच्या दादाला, बाई अडली आहे, गाडी आणा म्हणून. त्या वेळी टायर मडफ्लॅपमध्ये अडकून चालत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण या विषयावर ‘काही होत नाही रे’ एवढंच ऐकू येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात तर टायरचा आकार आणि प्लाय रेटिंगही लिहावं लागतं, आणि आठ वर्षांपुढच्या अशा गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. म्हणून माझ्या २३५ साठीही आधी कंपनीच्या पुस्तकात तो आकार चालतो का ते बघायचं, नसेल तर मुकाट्याने २१५ घ्यायचा. टायरवरचा भाराचा आकडाही वाचायचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. कंपनीच्या आकड्याच्या खाली जायचं नाही, टायर कितीही रांगडा दिसो.

खरं तर चिखलात गाडी अडकते ती बहुतेक वेळा आकारामुळे नाही, नक्षीमुळे. आपल्याकडे पिकअपवर रस्त्याचे गुळगुळीत पट्ट्यांचे टायर असतात, त्या पट्ट्यांत लाल माती भरली की चाक जागेवर फिरतं. त्याच आकारात ऑल टेरेन नक्षीचा टायर घेतला, आणि रिकाम्या गाडीत चिखलापुरती हवा कमी केली, तर निम्म्याहून जास्त अडचण संपते. (बाहेर आल्यावर हवा परत भरायची. हवेचा छोटा पंप गाडीतच ठेवा, पंक्चरवाला नेमका तेव्हा बंद असतो.)

आणि पाटे! मोठ्या टायरबद्दल तासभर बोलणारी मंडळी मागच्या पाट्यांकडे बघतच नाहीत. इतकी वर्षं माल वाहून आमचे पाटे जवळपास सपाट झाले आहेत, वरचे रबरी स्टॉपर तर भुगा झालेत. ते नवे टाकले की गाडी कारखान्यातून आली त्या उंचीला परत येते. ती लिफ्ट नव्हे, दुरुस्ती आहे. फिटनेसला कोणी हरकत घेणार नाही, आणि माझी दोन बोटं पुन्हा तीन होतील.

दादाला हे पटलंय, कारण पाटे तसेही बदलायचे होते. गणपतीनंतर गाडी दोन दिवस उभी राहील. पाच टायर घ्यायचे, चार नाही, स्टेपनी वेगळ्या आकाराची ठेवायची नाही, एवढं ठरलं आहे. पाटे बसले की गाडी भरून, स्टिअरिंग वळवून पुन्हा मोजू, मग २१५ की २३५ ते बघू. पुतण्या अजून ३१ वरच अडून आहे. त्याला सांगितलंय, मोजायला तूच ये, बोटं तुझी लाव.